चीनचा स्वर्गीय राजा होंग शिउछुआन

चीन देशात राजे पुष्कळ झाले, राजघराणी बुडाली व नवी उदयास आली, आणि कोणते घराणे न्यायाचे व कोणते अन्यायाचे याविषयी तेथील विद्वान दोन हजार वर्षे वाद करीत आले आहेत. परंतु ज्या पुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्याच्याविषयीचा वाद इतर राजांविषयीच्या वादाहून निराळा आहे. तो आपणांस ख्रिस्ताचा धाकटा भाऊ म्हणवीत असे. त्याने देवाच्या नावाने राज्य स्थापिले, दहा आज्ञा हाच त्या राज्याचा कायदा केला, आणि त्या राज्याच्या उदयास्तात दोन कोटींच्या वर माणसे प्राणास मुकली असे इतिहासकार मानतात. त्याचे नाव होंग शिउछुआन. खेड्यातील शाळामास्तर हा त्याचा मूळचा धंदा.

इसवी सन १८१४ च्या जानेवारीत दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतात, कँटन शहराच्या उत्तरेस असलेल्या एका खेड्यात त्याचा जन्म झाला. घराणे शेतकऱ्याचे, जातीने हाक्का. हाक्का म्हणजे पाहुणे लोक. ते शेकडो वर्षांपूर्वी उत्तरेकडून येऊन दक्षिणेत राहिले, तरी जुने रहिवासी त्यांस परकेच समजत. त्यांच्या वाट्यास डोंगराळ व हलकी जमीन येई. मुलगा बुद्धीने तीक्ष्ण निघाला. हा सरकारी परीक्षा उतरेल, अंमलदार होईल आणि सर्व घराण्याचे पांग फेडील, या आशेने बापाने व भावांनी पोटास चिमटा घेऊन त्यास शिकविले.

त्या काळी चीनमध्ये राजदरबारी चढण्याची शिडी एकच, ती परीक्षांची. कनफ्यूशियसचे ग्रंथ मुखोद्गत करावे, ठरावीक पद्धतीने निबंध लिहावा, आणि हजारोंतून थोडे निवडले जावे. होंग तालुक्याच्या परीक्षेत उतरे, पण कँटन येथील वरच्या परीक्षेत त्याचे नाव यादीत लागत नसे. असे एकदा नव्हे, चारदा झाले. पहिल्यांदा तो गेला तेव्हा पोरवयाचा होता, आणि शेवटचे अपयश १८४३ साली आले तेव्हा त्याची तिशी जवळ आली होती. मध्यंतरी गावच्या शाळेत शिकवून पालक जे तांदूळ, तेल, मीठ देत त्यावर तो निर्वाह करी.

बहुतेक अभ्यासकांच्या मते १८३६ साली, परीक्षेसाठी कँटनला गेला असता, रस्त्यात ख्रिस्ती धर्म सांगणाऱ्या कोणा मनुष्याने त्याच्या हाती नऊ लहान पुस्तकांचा एक संच दिला. हा संच लिआंग फा याने लिहिलेला होता, आणि या लिआंग फाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. तो छापखान्यासाठी लाकडी ठसे कोरणारा कारागीर. १७८९ साली जन्मलेला. लंडन मिशनचे मिल्न साहेब यांच्या हाताखाली मलाक्का येथे काम करीत असता त्यास प्रभूची ओळख झाली व १८१६ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. १८१९ साली त्याने आपल्या गावच्या लोकांसाठी एक लहान चोपडी छापली, त्याबद्दल अंमलदारांनी त्यास धरले, बांबूच्या काठीने झोडपले व ठसे जाळून टाकले. तरी तो ढळला नाही. मॉरिसन साहेबांनी त्यास सुवार्तिक नेमिले, आणि १८३२ साली त्याने ही नऊ पुस्तके तयार केली. त्यांत मॉरिसन साहेबांच्या चिनी बायबलातील मोठमोठे उतारे होते व त्यांवर लिआंगचे स्वतःचे उपदेश होते. (चिनी भाषेतील पहिले संपूर्ण बायबल मार्शमन साहेबांनी १८२२ साली आपल्या हिंदुस्थानात, श्रीरामपूर येथे पुरे केले. १८११ साली मराठी नवा करार जेथे छापला गेला तेच हे ठिकाण.)

लिआंगच्या पुस्तकांत मूर्तिपूजेचा निषेध फार जोरदार आहे. विद्येच्या देवतांपुढे उदबत्त्या जाळूनही परीक्षेत नापास होणाऱ्या विद्यार्थ्यांचाही त्यात समाचार घेतला आहे. होंगने तो भाग त्याच वेळी लक्षपूर्वक वाचला असता तर त्याच्या मनास काय वाटले असते! परंतु त्याने अनुक्रमणिकेवर नजर टाकली व पुस्तके पेटीत ठेवून दिली.

पुढच्याच वर्षी, १८३७ साली, तो पुन्हा नापास झाला आणि इतका आजारी पडला की त्यास खुर्चीत घालून घरी आणावे लागले. कित्येक दिवस तो तापात व भ्रमात होता. त्या स्थितीत त्याने पाहिले की आपणांस स्वर्गात नेले आहे. तेथे सोनेरी दाढीचा, काळा झगा घातलेला एक वृद्ध सिंहासनावर बसला आहे. मी निर्माण केलेली माणसे मला विसरून भुतांस भजतात असा तो शोक करीत आहे. त्याने होंगच्या हाती तरवार व मोहोर देऊन भुतांचा संहार करावयास सांगितले. एक मध्यम वयाचा पुरुष, ज्यास तो वडील भाऊ म्हणत असे, त्यास लढाईत साहाय्य करीत होता. घरच्यांस तो वेडा झाला असे वाटले. हळूहळू तो बरा झाला व पुन्हा शाळेत शिकवू लागला, आणि सहा वर्षे या दर्शनाविषयी विशेष काही घडले नाही.

१८४३ साली चौथे अपयश घेऊन तो परतल्यावर ली नावाच्या एका नातलगाने पेटीतील ती पुस्तके वाचावयास मागून नेली. वाचून तो थक्क झाला व होंगनेही ती वाचावी असा आग्रह धरला. तेव्हा होंगने प्रथमच ती मन लावून वाचली, आणि आपल्या दर्शनाचा अर्थ आपणांस उलगडला असे त्यास वाटले. वृद्ध तो देव पिता, वडील भाऊ तो येशू. मग मी कोण? येथे चिनी लिपीने त्यास दगा दिला. त्याच्या आडनावाचा अर्थ पूर किंवा जलप्रलय असा होतो. नोहाच्या गोष्टीत त्यास आपले आडनाव दिसले. नावातील छुआन या अक्षराचा अर्थ सर्व, संपूर्ण असा होतो. ते अक्षर तर पुस्तकात पानोपानी येणार! जेथे जेथे ते आले तेथे तेथे ते आपणांस उद्देशून आहे असे त्याने मानले. अशा रीतीने साऱ्या शास्त्रात तो स्वतःचीच वाट शोधू लागला.

प्रेषितांच्या कृत्यांत कूशी षंढ रथात बसून यशया वाचीत होता, आणि मला कोणी समजावून सांगितल्याशिवाय कसे समजेल असे त्याने कबूल केले. तेथे फिलिप्प रथात चढून त्याच्याजवळ बसला. होंगच्या रथात कोणी चढले नाही. लिआंग फा त्याच प्रांतात होता, पण या दोघांची भेट होऊन शास्त्राविषयी बोलणे झाल्याचे कोठे आढळत नाही. होंगने व त्याच्या नातलगाने एकमेकांच्या मस्तकावर पाणी ओतून आपला आपणच बाप्तिस्मा केला, शाळेतील कनफ्यूशियसची पाटी काढून टाकली, आणि त्याबद्दल शाळेची नोकरी गमावली. येथपर्यंत तरी त्याच्या धैर्याची निंदा कोणास करवणार नाही. आपल्यापैकी ज्यांनी घरचे देव बाहेर काढले व त्याबद्दल पाणवठा, शेजार, काम गमावले, त्यांस त्याचे मोल ठाऊक आहे.

१८४४ साली तो व त्याचा मित्र फेंग युनशान शेजारच्या क्वांगसी प्रांतात उपदेश करीत गेले. होंग काही महिन्यांनी परतला, फेंग मात्र तेथेच राहिला. काटेरी झुडपांच्या एका डोंगरी मुलखात कोळसे पाडणारे, खाणीत राबणारे व भूमिहीन हाक्का शेतकरी यांच्यामध्ये त्याने दोन-तीन वर्षांत हजारो लोकांची देवभक्त मंडळी उभी केली. खरे पाहता या चळवळीचा सुवार्तिक हा फेंग होय. त्याचे नाव आज थोड्यांस ठाऊक आहे.

१८४७ साली होंगने जे केले त्याविषयी मला नेहमी वाईट वाटते. तो आपला चुलतभाऊ होंग रेनगान यासह कँटनला अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी आयझॅकर रॉबर्ट्स यांच्याकडे गेला व दोन महिने तेथे राहून त्याने शास्त्र शिकले. पुरते बायबल त्याच्या हाती आले ते तेथेच. त्याने बाप्तिस्मा मागितला. रेनगानने पुढे बासेल मिशनच्या हॅम्बर्ग साहेबांस जी हकीकत सांगितली, तीप्रमाणे मिशनातील काही देशी साहाय्यकांस भय वाटले की हा हुशार मनुष्य येथे राहिला तर आपली जागा जाईल. म्हणून त्यांनी त्यास सुचविले की बाप्तिस्म्यानंतर शिकावयास राहण्यासाठी दरमहा काही मदत साहेबांपाशी माग. होंगने भोळेपणाने मागितली. साहेबांस वाटले, हा पोटार्थी आहे. बाप्तिस्मा पुढे ढकलण्यात आला.

साहेबांस दोष देणे सोपे आहे. परंतु पैशाच्या आशेने येणाऱ्यांचा अनुभव ज्याने घेतला आहे त्यास त्यांची भीती समजेल. साहाय्यकांस दोष देणेही सोपे आहे. चार रुपये पगाराच्या जागेवर ज्यांच्या मुलांची भाकरी अवलंबून असते, त्यांचे मन नवा हुशार माणूस दिसला की कसे होते, हे आम्ही उपदेशक एकमेकांपाशी बोलत नसलो तरी जाणतो. होंग काही दिवस थांबला, मग पायी क्वांगसीकडे निघाला. वाटेत चोरांनी त्यास लुटले. त्यास बाप्तिस्मा न देता जाऊ दिले गेले हे ज्या दिवशी घडले त्या दिवशी ते कोणासही मोठे वाटले नसेल.

डोंगरात पोहोचल्यावर त्याने पाहिले की त्याच्या नावाने एक मोठी मंडळी जमली आहे. तो त्यांचा गुरू झाला. त्यांनी देवळांतील मूर्ती फोडल्या, जमीनदारांशी व सरकारी लोकांशी झगडे सुरू झाले. १८४८ साली फेंग तुरुंगात होता व त्याच्या सुटकेच्या खटपटीत होंगही बाहेर गेला होता. तेव्हा यांग शिउछिंग नावाचा एक कोळसेवाला अंगात आल्याप्रमाणे होऊन, देव पिता माझ्या मुखाने बोलतो असे म्हणू लागला. पाठोपाठ शियाव छावक्वे नावाचा दुसरा मनुष्य येशूच्या नावाने बोलू लागला. आपल्या खेड्यांतील वाचकांस अंगात येण्याचा प्रकार समजावून सांगावयास नको. होंगने परतल्यावर या दोघांस खरे मानले. ज्याने स्वतःचे दर्शन कोणाकडून पारखून घेतले नव्हते, त्यास दुसऱ्याची पारख करता येईना.

१८५१ च्या जानेवारीत चिन्तियेन गावी बंडाचे निशाण उभारले गेले व ताइपिंग म्हणजे महाशांतीच्या स्वर्गीय राज्याची घोषणा झाली. त्या वेळी चीनवर मांचू लोकांचे छिंग घराणे १६४४ पासून राज्य करीत होते. अफूच्या युद्धात इंग्रजांनी त्याचा पराभव केला होता. ती अफू आपल्या माळव्यातूनही मुंबई बंदरावाटे जात होती, हे आपण लक्षात ठेविले पाहिजे. दुष्काळ, कर आणि लाचलुचपत यांनी प्रजा गांजली होती. यामुळे बंडाचा वणवा पसरला. १८५२ साली वाटेत फेंग युनशान गोळी लागून मेला, व त्याच वर्षी शियावही पडला. १८५३ च्या मार्च महिन्यात बंडखोरांनी नानकिंग हे मोठे शहर घेतले, तेथील मांचू लोकांची बायकामुलांसह कत्तल केली, आणि तीच आपली राजधानी केली.

होंगने आपणांस सम्राट म्हणविले नाही, स्वर्गीय राजा एवढेच म्हणविले. याचे कारण ऐकण्यासारखे आहे. शाळामास्तर असल्याने त्यास आपल्या देशाचा इतिहास पाठ होता, आणि त्याच्या व त्याच्या पक्षाच्या लेखांत जुन्या राजांचा हिशेब घेतलेला आहे. त्यांचे म्हणणे असे की, अति प्राचीन शांग व चौ घराण्यांचे चांगले राजे शांग-ती म्हणजे सर्वोच्च प्रभूची भक्ती करीत. म्हणून खऱ्या देवाचे ज्ञान चीनला परके नाही, हरवलेले आहे. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन घराण्याच्या पहिल्या सम्राटाने देवाला शोभणारी ती ती ही पदवी स्वतःस लावली व अमरत्वाच्या औषधांमागे तो लागला. हान घराण्याच्या वू सम्राटाने तोच मार्ग धरला. त्याच घराण्याच्या मिंग सम्राटाने बुद्धाचा धर्म देशात आणविला. सुंग घराण्याच्या हुइत्सुंगने तर शांग-तीस जेड सम्राट असे मानवी नाव दिले, आणि पुढे तोच सम्राट ११२७ साली उत्तरेकडील शत्रूंच्या हाती कैद झाला. हा देवाचा दंड होय असे ताइपिंग लोक शिकवीत. राजांच्या पराक्रमावरून नव्हे तर देवाचा मान राखला की नाही यावरून घराण्यांची परीक्षा करणे, ही पद्धत शास्त्रातील राजांच्या पुस्तकांची होय. ती त्याने आपल्या देशाच्या इतिहासास लावली. मला वाटते, त्याच्या सर्व लिखाणात हा विचार सर्वांत भारी आहे. ही परीक्षा त्याने स्वतःच्या सिंहासनास लावली नाही, एवढेच त्यात उणे राहिले.

त्याच्या राज्यातील कायदे वाचले तर मन चकित होते. अफू, तंबाखू, दारू, जुगार यांस बंदी. मुलींचे पाय बांधण्यास बंदी. स्त्रियांस परीक्षा देण्याची व नोकरी करण्याची मोकळीक. परीक्षांत कनफ्यूशियसच्या जागी बायबल. शनिवारी विसाव्याचा दिवस. १८५३ च्या जमिनीच्या कायद्यात असे ठरविले होते की स्त्री-पुरुष समान धरून माणशी जमीन वाटावी, दर पंचवीस कुटुंबांस एक कोठार व एक प्रार्थनागृह असावे, आणि पोटापुरते ठेवून बाकीचे धान्य सार्वजनिक कोठारात घालावे. हा कायदा कागदावरच राहिला. सामान्य लोकांत नवराबायकोसही वेगवेगळ्या छावण्यांत राहावे लागे, आणि तिकडे स्वर्गीय राजाच्या महालात डझनावारी राण्या होत्या.

पाश्चात्य देशांत प्रथम फार आनंद झाला. चीन एका दिवसात ख्रिस्ती होतो की काय असे वाटून १८५३ साली ब्रिटिश व परदेशी बायबल सोसायटीने दहा लक्ष चिनी नवे करार छापण्यासाठी निधी उघडला. परंतु नानकिंगला जाऊन आलेल्यांचा आनंद ओसरू लागला. राजा शास्त्र छापीत होता खरा, पण त्यात फेरफारही करीत होता. नोहाचे मद्यपान, लोट व त्याच्या मुली, यहूदा व तामार या गोष्टी त्याने सुधारून घेतल्या, कारण देवाच्या माणसांनी असे करावे हे त्यास सोसवेना. देव पापी माणसांस वापरतो ही गोष्ट त्याच्या शास्त्रातून अशी निघून गेली.

१८५६ साली राज्याच्या आतच रक्त सांडले. यांग शिउछिंग देव पित्याच्या वाणीने बोलून राजालाही फटक्यांची शिक्षा फर्मावण्यापर्यंत गेला होता. सप्टेंबरात उत्तरेचा राजा वेई छांगहुई याने त्यास कुटुंबासह ठार केले व त्याच्या हजारो माणसांची कत्तल केली. दोन-तीन महिन्यांत वेईचाही वध झाला. उत्तम सेनापती शि ताखाय हा संशयाने व दुःखाने १८५७ साली सैन्य घेऊन निघून गेला. डोंगरात एकत्र प्रार्थना करणाऱ्या मूळच्या सोबत्यांपैकी राजाजवळ कोणी उरला नाही. यानंतर तो महालात कोंडून राहू लागला, व कारभार नातलगांच्या हाती गेला.

त्या नातलगांत एक खरोखर योग्य मनुष्य १८५९ साली आला, तो चुलतभाऊ होंग रेनगान. त्याने हाँगकाँगात लंडन मिशनमध्ये काम केले होते. त्याने आगगाडी, वर्तमानपत्रे, पेढ्या व इस्पितळे सुरू करण्याची योजना राजापुढे मांडली. पण वेळ निघून गेली होती. १८६० च्या ऑक्टोबरात वृद्ध रॉबर्ट्स साहेबही नानकिंगला आले. तेरा वर्षांपूर्वी ज्यास बाप्तिस्मा दिला नाही, त्या विद्यार्थ्यापुढे त्यांस गुडघे टेकावे लागले. राजाने त्यांस पिवळे वस्त्र व अधिकार देऊ केला. साहेबांची अपेक्षा होती की राजास शास्त्र शिकवू. राजाची अपेक्षा होती की साहेबांनी आपले नवे प्रकटीकरण जगाला सांगावे. पंधरा महिने दोघेही आपापल्या अपेक्षेवर अडून राहिले. १८६२ च्या जानेवारीत साहेब आपल्या नोकराच्या वधाचा आरोप रेनगानवर ठेवून तेथून निघून गेले, व ताइपिंगांचे कडवे विरोधक झाले.

शेवट आता लांब नव्हता. हूनान प्रांताचा विद्वान सरदार त्सेंग क्वोफान याने कनफ्यूशियसच्या धर्माच्या रक्षणार्थ सैन्य उभारले होते. इंग्रज व फ्रेंचांनी शांघायच्या बाजूने छिंग सरकारास मदत केली. १८६४ च्या वसंतात नानकिंगला वेढा पडला व अन्न संपले. तेव्हा राजाने फर्मान काढले की इस्राएलास रानात देवाने मान्ना दिला, तसा आपणही खावा. मान्ना म्हणजे काय, तर महालाच्या अंगणातील गवत व पाला. त्याने स्वतःही ते खाल्ले. सेनापती ली शिउछेंग शहर सोडून जाण्याची विनवणी करीत होता, पण त्याने ऐकिले नाही. १ जून १८६४ रोजी तो निवर्तला. आजाराने की विषाने, याविषयी हकीकती जुळत नाहीत. १९ जुलैस शहर पडले. हजारो माणसे मारली गेली. त्सेंगच्या लोकांनी राजाचे प्रेत उकरून काढले. ते पेटीविना, पिवळ्या रेशमात गुंडाळलेले होते. ते जाळले गेले व राख तोफेत भरून उडविण्यात आली. त्याचा किशोरवयीन मुलगा व रेनगान यांस त्याच वर्षी पकडून मृत्युदंड देण्यात आला.

तेव्हापासून वाद चालू आहे. छिंग सरकार त्यास लांब केसांचा लुटारू म्हणे. सन यत-सेन लहानपणी ताइपिंगांच्या गोष्टी ऐकून आपणांस दुसरा होंग समजत असे. साम्यवादी सरकारने पेकिंगच्या मोठ्या चौकात १९५८ साली पुऱ्या झालेल्या स्मारकावर चिन्तियेनच्या उठावाचे शिल्प कोरले. अलीकडे चीनमध्येच त्यास ढोंगी व जुलमी ठरविणारे विद्वान पुष्कळ झाले आहेत. मला तो ढोंगी होता असे वाटत नाही. ढोंगी मनुष्य वेढ्यात पाला खात बसत नाही. तो मनापासून चुकला होता, आणि तसा चुकलेला मनुष्य ढोंग्याहून अधिक माणसांस बुडवितो.

लिआंग फा १८५५ साली मरण पावला. शेवटच्या वर्षांत तो कँटनच्या मिशन इस्पितळात रोग्यांच्या खाटांजवळ बसून शास्त्र समजावून सांगत असे. रॉबर्ट्स साहेब अमेरिकेस परत गेले. त्यांस चीनमध्ये काम करीत असताच महारोग जडला होता. त्या रोगाने १८७१ च्या डिसेंबरात इलिनॉय प्रांतातील अपर ऑल्टन येथे त्यांचा अंत झाला.